फियाट ११००च्या इंजिनाचे पार्ट येतात, पण बसत नाहीत: काय करावे

अडचण अशी. जुन्या फियाटचे इंजिन फुल कामाला उतरवले जाते. मिस्त्री यादी देतो, मालक बाजार पालथा घालतो, पार्ट येतो आणि बसत नाही. तो परत करून दुसरा आणावा, तर तोही बसत नाही. तोवर ब्लॉक (सिलेंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून असतो आणि पावसाळा आला की बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या भोकाला, तांबूस गंज धरतो. धुळे, अमळनेर, चोपडा, भुसावळ या पट्ट्यात अशी सहा-सात इंजिने मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतली दोन शेवटी किलोवर भंगारात गेली. दोन्ही दुरुस्त होण्यासारखी होती, हे मनाला फार लागले.

माझ्या घरची गाडी १९६७ची, ११०० डिलाइट, म्हणजे आपल्याकडची ११०० डी. वडिलांनी पारोळ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. ती सकाळी सुरू केली की निळा धूर मारायची आणि शंभर किलोमीटरला पाव लिटर ऑइल खायची. दिवाळीनंतर इंजिन उतरवले आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) गाडी दारात उभी करायची असे ठरवले. ती आखाजी गेली आणि पुढच्या आखाजीपर्यंत काम चालले. या दीड वर्षात मी तीनदा चुकीच्या रस्त्याने गेलो. पहिल्या दोन्ही वेळा कारण एकच होते: मी पार्ट नावाने मागत होतो आणि इंजिन चालते मापावर. तिसऱ्यांदा माप होते, पण कामाचा क्रम चुकला.

नाव एक, माप दुसरे

पहिला फटका पिस्टनचा. मुंबईत लवकर मिळेनात म्हणून एका नातेवाइकामार्फत परदेशातून मागवले. मी कळवले ते एवढेच, "फियाट ११०० डी, पिस्टन चार." खोके आले, वरचा कागद काढला, पिस्टन सुंदर, नवे कोरे. ब्लॉकच्या तोंडाशी धरला तर आत उतरेना. व्हर्नियर लावला तेव्हा कळले, पिस्टन ७२ मिलिमीटरचा आहे.

विकणाऱ्याची यात काही चूक नव्हती. इटलीत १९६२ ते १९६६ या काळात जी ११०० डी निघाली ती १२२१ सीसीची, बोअर ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५ मिलिमीटर. आपल्याकडे प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून बनलेली ११०० डी मात्र १०८९ सीसीची, बोअर ६८, स्ट्रोक ७५. बॉडी तीच, नाव तेच आणि पिस्टन चार मिलिमीटरने मोठा. इटलीने १९६६ला ११०० आर काढली तेव्हा ती पुन्हा १०८९वर आली. त्यामुळे बाहेरून काही मागवायचे असेल तर 'डी' हे अक्षर विसरा. १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५ असे लिहा, आणि 'आर'च्या पार्टांत शोधायला सांगा.

देशातल्या बाजारातही नावाचा असाच घोळ होतो. दुकानात "प्रीमियरचे पिस्टन" म्हटले की तीन वेगळ्या गोष्टी पुढे येऊ शकतात. एक आपले १०८९ सीसी पेट्रोल इंजिन, जे पुढे प्रीमियर पद्मिनी या गाडीतही ६८ बाय ७५ याच मापाने चालत आले. दुसरे १३७ डी, म्हणजे १३६६ सीसीचे डिझेल इंजिन. तिसरे ११८ एनई या गाडीचे, जिच्यात फियाट १२४च्या बॉडीखाली निसानचे ११७१ सीसीचे इंजिन होते. या दोन्हींचा आपल्या ब्लॉकशी काही संबंध नाही. खोक्यावर 'प्रीमियर' छापलेले पाहून पैसे मोजू नका.

खोके पाहून आमच्या अमळनेरच्या मिस्त्रींनी एवढेच सांगितले, "भाऊ, पहिले माप ले, मंग बजारमा जाय." मी मान डोलावली, पण तेव्हा ते पुरते डोक्यात शिरले नव्हते.

'वीस' म्हणजे नक्की किती

दुसरी चूक बेअरिंगची. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ग्राइंडिंगला (घासून गोल करायला) दिला होता, ग्राइंडरने निरोप दिला, "वीसला उतरवला, वीसचे बेअरिंग आण." मी मुंबईला ऑपेरा हाऊसच्या बाजारात गेलो, वीसचा मेन (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो तिथला) आणि बिग एंडचा (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथला) सेट मागितला. दुकानदाराने जे खोके दिले त्यावर ०.५०८ असा आकडा होता. मला वाटले चुकीचे दिले, वीस कुठे आणि पाचशे आठ कुठे! काउंटरवरच परत केले आणि रिकाम्या हाताने रात्रीच्या गाडीने घरी आलो.

ते बेअरिंग बरोबर होते. बेअरिंगच्या बाबतीत दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात ते थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. एक थाऊ ०.०२५४ मिलिमीटर. फियाट सगळी मिलिमीटरची गाडी, पण तिच्या बेअरिंगच्या अंडरसाइजच्या (क्रँक घासून जेवढा बारीक केला तेवढ्या मापाच्या) पायऱ्या इंची आहेत: ०.२५४, ०.५०८, ०.७६२ आणि १.०१६. म्हणजे वीस थाऊ बरोबर ०.५०८ मिलिमीटर. पिस्टनच्या ओव्हरसाइजच्या (बोअर जेवढा मोठा केला तेवढ्या मापाच्या) पायऱ्या मात्र सरळ मिलिमीटरच्या आहेत, ०.२०, ०.४०, ०.६०, ०.८०, १.००. काही कंपन्यांच्या पिस्टनांत ०.२५ आणि ०.५०च्या पायऱ्याही दिसतात. एकाच इंजिनात पिस्टनवाला 'वीस' म्हणतो तेव्हा ०.२० आणि बेअरिंगवाला 'वीस' म्हणतो तेव्हा ०.५०८. फोनवर बोलताना तर हमखास गोंधळ होतो. म्हणून आकडा नेहमी एककासकट लिहून पाठवा, आणि दुकानदाराला खोक्यावरच्या छापाचा फोटो मागा.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा तो सेट विकला गेला होता. दुसरा मिळायला चार महिने लागले.

जुने बेअरिंग फेकण्याआधी त्याच्या पाठीवर पाहा. रॉकेलच्या फडक्याने पुसा, शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) उन्हात तिरपे धरा, पाठीवर बारीक ठोकलेला आकडा उजळतो. माझ्या जुन्या शेलवर ०.२५४ होते. म्हणजे क्रँक याआधी एकदाच कापला गेला आहे आणि वीसला उतरवल्यावरही अजून दोन पायऱ्या शिल्लक आहेत, हे एका आकड्यातून कळले. पिस्टनच्या डोक्यावरही असाच आकडा असतो, फक्त कार्बनखाली दडलेला. तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, लाकडाच्या चिपट्याने काढा.

माप घेणे

या टप्प्यावर भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेल्या एका फिटर काकांची गाठ पडली. आयुष्यभर इंजिनांवर काम केलेला माणूस. त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात मखमली पेटीत मायक्रोमीटर होता. ते म्हणाले, "गाडी माझ्याकडे आणू नकोस. ब्लॉक आण, पिस्टन आण, आणि रात्रभर इथेच ठेवून जा."

मे महिना होता. दुपारी मी ब्लॉक टेम्पोतून उतरवला तेव्हा पत्र्यासारखा तापलेला होता. काकांनी ब्लॉक, चार जुने पिस्टन, मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचे साधन) सगळे एकाच खोलीत, एकाच टेबलावर ठेवले आणि पहाटे साडेपाचला माप घ्यायला बसले. कोणत्याही पार्टची साइज २० अंश तापमानाला धरलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४४ अंश सहज असतात. एवढ्या फरकाने ६८ मिलिमीटरचा लोखंडी बोअर जवळजवळ दोन शतांश मिलिमीटर फुगतो आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन चार शतांशांच्या आसपास. पिस्टन आणि बोअरमधली फटच मुळात शतांशांत मोजायची असते. एक वस्तू उन्हातून आणि दुसरी पंख्याखालून आणून मोजली तर सगळा हिशेब कोलमडतो. खानदेशात हे काम हिवाळ्यात करावे, नाहीतर पहाटे.

काकांची पद्धत मी वहीत उतरवून घेतली. बोअरच्या वरच्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर खाली, जिथे पिस्टनची वरची रिंग थांबून परत फिरते, तिथे झीज सर्वांत जास्त असते. नखाने चाचपले तरी तिथली पायरी लागते. माप तिथे घ्यायचे, मग मध्यावर, मग तळाशी. प्रत्येक जागी दोनदा, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला आडवे. चार सिलेंडरचे मिळून २४ आकडे. मायक्रोमीटर मुठीने आवळायचा नाही, मागच्या रॅचेटने फिरवायचा. तीनदा टिक वाजले की थांबायचे आणि वाचायचे.

माझ्या दुसऱ्या सिलेंडरचे आकडे असे निघाले: वर आडवे ६८.५१, वर क्रँकच्या रेषेत ६८.४७, तळाशी दोन्हीकडे ६८.४२. पिस्टनवर ०.४० ठोकलेले. म्हणजे बोअर वर नऊ शतांशांनी फाकलेला आणि चार शतांशांनी लंबगोल. निळा धूर कुठून येत होता ते इथे दिसले. नव्या रिंगा टाकून हे थांबले नसते, कारण रिंग कितीही नवी असली तरी लंबगोल भोकात गोल बसत नाही. सर्वांत मोठा आकडा ६८.५१, म्हणून पुढची पायरी ६८.६०.

पिस्टनचीही मापे घेतली. नुसता व्यास पुरत नाही. गजनपिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा) व्यास, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची, रिंगांची संख्या आणि प्रत्येक रिंगेची जाडी, एवढे सगळे लागते. पिनपासूनची उंची कमी भरली तर कॉम्प्रेशन पडते, जास्त भरली तर पिस्टन हेडला भिडण्याचा धोका. १०८९ सीसीचेच पिस्टन असले तरी ते वेगवेगळ्या काळातले असू शकतात, तेव्हा ही उंची स्वतः मोजल्याशिवाय घेऊ नका.

बोअर आधी कापू नका

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. माप हातात आले त्या आनंदात मी ब्लॉक लेथवर दिला आणि चिठ्ठी लिहिली, "०.६० करा." पिस्टन नंतर शोधू असे वाटले. आठ दिवसांत बोअर तयार झाला. आणि ०.६०चे पिस्टन मुंबईत नाहीत, नाशिकला नाहीत, दिल्लीच्या काश्मिरी गेटला विचारले तिथेही नाहीत. स्टँडर्ड मिळत होते, ०.८० मिळू शकत होते, नेमके ०.६० नव्हते.

काकांना सांगितले तेव्हा ते रागावले. "पिस्टन कुठे आहे? पिस्टन हातात नाही आणि बोअर कापलास? कापलेले लोखंड परत येत नाही." ते खरे होते. माझी एक पायरी फुकट गेली.

तेव्हा क्रम असा ठेवा. माप घ्या, कोणत्या पायऱ्या चालतील ते लिहा (माझ्या बाबतीत ०.६०, ०.८० आणि १.०० या तिन्ही चालल्या असत्या), त्यांतले जे पिस्टन प्रत्यक्ष मिळतील ते घ्या, आणि पिस्टनसकट ब्लॉक लेथवर द्या. लेथवाला चांगला असेल तर तो प्रत्येक बोअर त्या-त्या पिस्टनला मापून कापतो आणि शेवटचे काही शतांश होनिंगने (बारीक दगडाने घासून) काढतो. कोणता पिस्टन कितव्या सिलेंडरचा ते मार्करने लिहा, पंच ठोकू नका. क्रँकचेही तेच, बेअरिंग हातात आल्यावर ग्राइंडिंग.

१.००च्याही पुढे बोअर गेलेला असेल तर ब्लॉक टाकून देऊ नका. स्लीव्ह (आतून लोखंडी नळी) बसवून तो पुन्हा स्टँडर्ड ६८ला आणता येतो. खर्च वाढतो, पण स्टँडर्ड पिस्टन मिळत असतील तर हा मार्ग चांगला आहे.

ब्लॉक जपण्याचे आणखी एक कारण आहे. त्यावर इंजिन नंबर आहे आणि तो आरसी बुकात आहे. २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये फी आहे आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' येते. ब्लॉक बदलला तर मूळपणाचा प्रश्न आणि आरटीओचे कागद, दोन्ही मागे लागतात.

शोधायचे कुठे

पूर्वी उत्तर सोपे होते: मुंबई. तिथल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींमुळे ऑपेरा हाऊस, कुर्ला, चोर बाजार इथे हे पार्ट भाजीपाल्यासारखे मिळत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. खपच संपला, त्यामुळे दुकानदार नवा माल भरत नाहीत. जे आहे ते जुन्या साठ्यातले.

म्हणून मला वाटते, आपल्या माणसाने आधी घराजवळ बघावे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्या चौफुलीच्या आसऱ्याने पन्नास वर्षे गॅरेजे आणि पार्टची दुकाने चालली. त्यांतली काही आता बंद आहेत, मुले दुसऱ्या धंद्यात गेली, पण वरच्या माळ्यावर माल तसाच आहे. दुकानात नुसते "आहे का" विचारले तर "नाही" हेच उत्तर येते, कारण मुलाला माहीत नसते. त्याच्या वडिलांना विचारा. सकाळी जा, चहा घ्या, घाई करू नका.

मी अशाच एका बंद दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांसमोर ही चिठ्ठी ठेवली: "फियाट ११००, भारतीय, १०८९ सीसी पेट्रोल. स्टँडर्ड बोअर ६८.०० मिमी. हवे: ६८.८० किंवा ६९.०० मिमीचे पिस्टन चार, रिंगांसह." खाली पिनचे माप, उंची, रिंगांची जाडी आणि जुन्या पिस्टनचे फूटपट्टीसकट दोन फोटो. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली आणि नातवाला शिडी आणायला सांगितली. खोक्याचे पुठ्ठे कसरीने खाल्लेले, पण आतला मेणकागद शाबूत आणि पिस्टनवर ०.८०. तिथेच, स्कर्टच्या (पिस्टनच्या रिंगांखालच्या भिंतीच्या) खालच्या भागात, गजनपिनला आडवे, मायक्रोमीटरने मोजले. काही शतांश कमी भरले, म्हणजे हवी तेवढी फट धरूनच बनवलेले. चारही एकसारखे.

येताना अमळनेरला ओळखीच्या सराफांकडे थांबलो आणि चारही पिस्टन त्यांच्या काट्यावर ठेवले. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन थरथरते. माझ्यात सव्वा ग्रॅमचा फरक निघाला. सोन्याच्या काट्यावर लोखंडी कामाच्या वस्तू ठेवू दिल्या, त्यांचे आभार.

बारीकसारीक पार्ट

यांत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ऑइल सील गाडीच्या नावाने शोधू नका, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी सांगा. वॉटर पंप आणि डायनामोच्या बेअरिंगवर नंबर असतो आणि नंबर म्हणजेच माप: ६२०३ म्हटले की आत १७, बाहेर ४०, रुंदी १२. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही दुकानात हे मिळतात आणि त्या लोकांना बेअरिंगची पारखही असते. पॅकिंग कागदाची आणि कॉर्कची, घरी कापता येतात. व्हॉल्व्ह गाईड लेथवर बनवून मिळतात, मात्र व्हॉल्व्हची काडी मापून द्या.

जुन्या साठ्यातला धातू चालतो, रबर चालत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे सील नवे दिसते, पण ओठ दगडासारखा झालेला असतो आणि महिनाभरात ऑइल गळते. जुन्या रिंगा घेतल्या तर ग्रीस पुसून गंजाचा डाग आहे का ते पाहा, आणि प्रत्येक रिंग तिच्या बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने (ठरल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. या बोअरला पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त हवी. फट कमी असेल तर तापल्यावर टोके भिडतात आणि रिंग तुटते.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी इंजिन सुरू झाले. पहिले काही क्षण बोअरला लावलेल्या ऑइलचा धूर आला, मग सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेला पांढरा रुमाल पांढराच राहिला. हेड ॲल्युमिनियमचे आहे, त्यामुळे पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर सकाळी त्याचे नट ठरल्या क्रमाने पुन्हा आवळले. ५०० किलोमीटरला ऑइल बदलले आणि निघालेल्या ऑइलात चुंबक फिरवून पाहिला, लोखंडाचा कीस नव्हता. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा थोडा आवाज अजून आहे. रॉकर शाफ्ट झिजलेला आहे. त्याचा व्यास पाच ठिकाणी मोजून वहीत लिहिला आहे, आणि त्या चिठ्ठीची एक प्रत धुळ्याच्या त्या आजोबांकडे दिली आहे.